सर म्हणतात, पाणवठ्याचा प्रसंग काढून टाक

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्रलेखिका पस्तिशीच्या आहेत, सातारा जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहेत. शाळेत इतिहास शिकवणाऱ्या सरांनी निवृत्तीनंतर एक कथामाला सुरू केली, तिच्यात त्या आणि आणखी काही जण लिहितात. सगळ्यांचं जग एकच: आजचं तालुक्याचं एक गाव, एसटी डेपो, आयटीआय, बाजारपेठ आणि तीस खाटांच्या रुग्णालयासकट, एका रात्रीत १६३० सालच्या आषाढात जाऊन पडतं. ताज्या कथेत त्यांनी लिहिलं की सातव्या महिन्यात रुग्णालयातली अँटिबायोटिक्स संपतात. पण गटातल्या केमिकल इंजिनिअर मित्राच्या आधीच्या कथेत चौथ्या महिन्यातच पेनिसिलिनचा कारखाना सुरू झालेला आहे. दुसरं, कथेतल्या सिस्टरला शेजारच्या गावच्या पाणवठ्यावर जात विचारून परत पाठवतात, आणि तिच्यासोबत गेलेले तिच्याच गावचे लोक गप्प उभे राहतात. सरांचं म्हणणं, ‘शिवरायांच्या जन्माच्या काळात जाऊन हे रडगाणं कशाला? दोन्ही गोष्टी काढ.’ पत्रलेखिका विचारतात: कथा बदलू, की माझी सिस्टर घेऊन बाहेर पडू? बाहेर पडले तर ती माझी राहील का? आणि ज्यांनी मला लिहितं केलं त्यांच्याशी हा कृतघ्नपणा ठरेल का?

पत्रासोबत कथाही पाठवलीत हे बरं केलंत. नुसतं पत्र वाचून ‘सरांशी मोकळेपणानं बोला’ असं काहीतरी गुळमुळीत लिहून मी मोकळी झाले असते. कथा वाचल्यावर तसं करवेना. छापील रजिस्टर संपल्यावर सिस्टर शाळेच्या वहीत पट्टीनं रेघा मारून स्टॉक बुक आखते, आणि ‘इंडेंट कोणाकडे’, म्हणजे औषधांची मागणी कोणाकडे करायची, या रकान्यापाशी तिचा हात थांबतो. हा परिच्छेद आतल्या माणसालाच सुचतो. गोळ्यांच्या पट्टीवर ‘०८/२०२७’ छापलंय म्हणजे एक्स्पायरीला अजून जवळजवळ चारशे वर्षं आहेत, हा फार्मासिस्टचा विनोदही झकास. कोणी कितीही सांगितलं तरी तो कापू नका.

आता पेचाकडे. जग ज्यानं सुरू केलं त्याच्या मालकीचं, असं तुम्ही धरून चालला आहात आणि सरही. म्हणून तुम्हाला ऐकणं आणि निघणं या दोनच वाटा दिसतात. मला ते गृहीतकच कच्चं वाटतं.

आपल्याकडे ‘इतिहास वेगळा घडला असता तर’ म्हटलं की पानिपत आठवतं. डॉ. जयंत नारळीकरांच्या कथेत विश्वासरावांना लागायची ती गोळी हुकते, मराठे जिंकतात, आणि एक प्राध्यापक त्या जगात जाऊन परत येतो. तुमच्या जगात परत यायची सोय नाही आणि गेलंय ते अख्खं गाव. त्यात डेपो मॅनेजर आहे, किराणा दुकानदार आहे, दहावी नापास पोरगा आहे, डायलिसिसला कऱ्हाडला जाणारे आजोबाही आहेत. असं जग एकट्यानं लिहून संपत नाही, म्हणून तर ते वाटून घ्यायचं.

या प्रकारचा एक फार मोठा प्रयोग अमेरिकेत झाला, तो सरांनाही सांगण्यासारखा आहे. एरिक फ्लिंट यांची ‘१६३२’ ही कादंबरी २००० साली आली. वेस्ट व्हर्जिनियातलं ग्रँटव्हिल हे कोळसाखाणीवाल्यांचं गाव २००० च्या एप्रिलमधून उचललं जातं आणि १६३१ च्या मे महिन्यात जर्मनीतल्या थुरिंजियात, तीस वर्षांच्या युद्धाच्या मधोमध पडतं. मॅग्डेबर्ग शहर लुटलं-जाळलं गेलं आणि वीसेक हजार माणसं मेली ती त्याच महिन्यात. (म्हणजे तिकडे मॅग्डेबर्ग जळत होतं तेव्हा इकडे दख्खनेत तुमच्या कथेतला दुष्काळ चालू होता. दोन्ही गावं एकाच पृथ्वीवर पडली असती तर वर्षभराच्या अंतरानं शेजारी झाली असती!) पुढे फ्लिंटनी इतरांना त्या जगात लिहायला बोलावलं. त्या कथांचं नियतकालिक निघालं, त्याचे शंभरावर अंक झाले, आणि त्यात पहिल्यांदाच लिहिणारी हौशी मंडळी भरपूर होती.

एवढ्या लोकांनी एका जगात लिहायचं तर सगळं एकाच्या मर्जीवर सोडून भागत नाही. त्यांनी एक साधा नियम धरला. ग्रँटव्हिल काल्पनिक असलं तरी ते मॅनिंग्टन या खऱ्या गावावर बेतलेलं आहे, तर मॅनिंग्टनमध्ये २००० साली जे नव्हतं ते ग्रँटव्हिलमध्येही नाही. वीजकेंद्र तेवढं लेखकानं पदरचं घातलं. गावातल्या रहिवाशांची यादी होती. नव्या लेखकानं आपलं पात्र त्या यादीत बसवायचं, गोष्ट अडली म्हणून ऐनवेळी गावात अणुशास्त्रज्ञ उगवायचा नाही. शेवटचा शब्द फ्लिंटचा असे, ते खरं. पण वाद झाला की ‘मला काय आवडतं’ यापेक्षा ‘मॅनिंग्टनमध्ये काय आहे’ हे विचारता येत होतं. तुमच्या गटाकडे असं बोट दाखवायला काहीच नाही. म्हणून सगळे सरांच्या तोंडाकडे बघतात, आणि सरही बिचारे न्यायाधीश होऊन बसलेत.

तेव्हा कथेचं काय करायचं याच्या आधी एक वही करा. गटात कोणाकडेही असो, पण सगळ्यांना दिसेल अशी. तिच्यात गाव कुठवर आलं त्याची हद्द, माणसांची यादी, डेपोच्या टाकीत डिझेल किती, कोणाच्या गच्चीवर सोलर आहे, आणि ‘पडल्या’ दिवसापासूनची तारीखवार नोंद. तुमच्या जगाला ग्रँटव्हिलसारखं वीजकेंद्र नाही, एक सबस्टेशन आहे आणि त्याला कुठूनच काही येत नाही. कोयना वाहते आहे, धरण नाही. हे एकदा वहीत गेलं की आयटीआयच्या लेथवर शहाजीराजांसाठी बंदुका बनवायची सरांची लाडकी कल्पना आपोआप ‘लेथ फिरवायचा कशावर’ या प्रश्नाशी येऊन ठेपते. आणि ती गोष्ट बंदुकीच्या गोष्टीपेक्षा चांगली होईल, पैज लावते.

आता पेनिसिलिन. इथे तुमच्या मित्राची बाजू आधी घेते. सामायिक जगात आधी प्रसिद्ध झालेलं खरं मानायचं, हा संकेत बरोबरच आहे, नाहीतर जग उभंच राहणार नाही. तुम्ही त्यांची कथा वाचून मग लिहायला हवं होतं, किंवा त्यांनी ती छापण्याआधी गटातल्या एकुलत्या एक नर्सला दाखवायला हवी होती. मला दुसरं जास्त पटतं.

कारण चार महिन्यांत कारखाना हे त्यांना सोपं वाटलं, ते नाव माहीत असल्यामुळे. फ्लेमिंगनी बुरशी पाहिली १९२८ मध्ये. त्यातून औषध काढायला ऑक्सफर्डमधल्या फ्लोरी, चेन आणि हीटली यांना १९४०-४१ उजाडलं, तेही सुसज्ज प्रयोगशाळेत. बुरशी वाढवायला भांडी पुरेनात म्हणून हीटलींनी चक्क बेडपॅन वापरले, आणि पुढे त्याच घाटाची चिनी मातीची भांडी बनवून घेतली. (हा तपशील नर्सच्या कथेत आला नाही तर कोणाच्या येणार?) १९४१ च्या फेब्रुवारीत अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला ते पहिल्यांदा उपचार म्हणून टोचलं. तो सुधारू लागला. औषध इतकं थोडं होतं की त्याच्या लघवीतून ते परत काढून त्यालाच पुन्हा देत होते. ते संपलं, आजार उलटला, आणि मार्चमध्ये तो गेला. पुढे अमेरिकेतल्या पिओरियात मक्याच्या स्टार्चच्या कारखान्यातलं टाकाऊ पाणी वापरल्यावर आणि एका खरबुजावर सापडलेली जास्त फळणारी बुरशी मिळाल्यावर कुठे उत्पादन वाढलं. एवढ्यासाठी दोन देशांची सरकारं आणि एक महायुद्ध लागलं. तुमच्या मित्राकडे आयटीआय आहे.

याचा अर्थ त्यांची कथा खोडून टाका असा नाही. सामायिक जगात एक सोय असते: पात्र जे बोलतं ते त्या पात्राचं, जगाचं नव्हे. ‘कारखाना सुरू झाला’ हे त्या कथेत कोण म्हणतं ते पाहा. बहुधा उद्घाटनाच्या दिवशी इंजिनिअरच म्हणत असेल. मग कारखाना सुरू झालाच, फक्त त्यातून काय निघतंय ते तुमची सिस्टर पाहणार. पहिल्या खेपेला पिवळट पाणी. दुसऱ्या खेपेत काहीतरी आहे, पण किती आहे हे मोजायचं कसं, आणि शुद्ध नसलेलं टोचायचं कोणाला? एका माणसापुरतं औषध आहे आणि दारात तिघे आहेत. आता तुमचा सातवा महिना आणि त्यांचा चौथा महिना एकमेकांना कापत नाहीत. उलट तुमची कथा त्यांच्या कथेतून निघाली असं होईल. अशा जोडणीसाठीच लोक सामायिक जग वाचतात.

मित्राला सांगायचं ते असं, की प्रत्येक फुकटचा चमत्कार गटातल्या बाकीच्यांच्या गोष्टी खातो. चौथ्या महिन्यात पेनिसिलिन मुबलक झालं की बाळंतज्वर संपला, चिघळलेली जखम संपली, कुऱ्हाडीनं पाय कापून घेतलेल्या लाकूडतोड्याची गोष्ट संपली. अशा जगात टंचाई सगळ्यांच्या मालकीची असते. ती एकट्यानं मिटवायची नसते, विचारून मिटवायची असते.

सर ‘निराशा नको’ म्हणतात, त्यातलं थोडं मात्र मी उचलणार आहे. तुमच्या कथेत औषधं संपतात आणि सिस्टर हतबल होते. इथे तुम्ही तुमच्याच व्यवसायाला कमी लेखलंत. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून नातेवाइकांच्या हातात पेला दिला. तीस टक्क्यांच्या आसपास गेलेलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. हे तुमच्या सिस्टरला येतं, आणि त्याला कारखाना लागत नाही. मात्र मीठ लागतं, गूळ किंवा साखर लागते, पाणी उकळायला सरपण लागतं. दुष्काळाच्या वर्षी घाटाखालून मीठ घेऊन येणारे बैल वाटेतच मरतायत. मग मिठाची एक गोणी म्हणजे गोष्ट होते. उपाशी माणसाला एकदम पोटभर जेवू घातलं तर तो दगावू शकतो, हेही तिला ठाऊक आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांमधून सुटलेल्यांच्या बाबतीत डॉक्टरांनी हे पाहिलं. गावातले दानशूर व्यापारी दुष्काळग्रस्तांना पंगतीला बसवतायत आणि सिस्टर ‘आज फक्त पेज’ म्हणून आडवी येते. कोणाचा रोष ओढवेल, विचार करा.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शांघायमध्ये अडकलेल्या ईव्हा सॅक्सल या मधुमेही बाईंची हकिकतही वहीत टिपून ठेवा. इन्सुलिन मिळेना तेव्हा त्यांनी आणि त्यांच्या नवऱ्यानं वैद्यकाचं पुस्तक पुढ्यात ठेवून, एका चिनी रसायनतज्ज्ञाच्या प्रयोगशाळेत, म्हशींच्या स्वादुपिंडापासून ते बनवलं, सशांवर तपासलं, आणि मग स्वतः टोचून घेतलं. तुमच्या गावात इन्सुलिनवर किती जण आहेत? आयएलआर, म्हणजे रुग्णालयातला लसी गार ठेवणारा फ्रीज, बंद पडल्यावर त्यांचं काय झालं? म्हशी तर आहेत. हे यशस्वी होईल की नाही ते तुम्ही ठरवा, पण केमिकल इंजिनिअर मित्राला पेनिसिलिनपेक्षा इथे जास्त काम आहे.

आणखी एक खटकलं. तुमच्या कथेतली सुईण नुसती भिंत आहे. सिस्टर हात धुवा म्हणते, सुईण ‘नाही’ म्हणते, बाळंतीण दगावते. १६३० ची माणसं ऐकत नाहीत कारण ती जुनी, एवढंच तुम्ही लिहिलंत. पण १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या सेमेलवाइसनी हात धुवायला सांगितलं तेव्हा न ऐकणारे शिकलेले डॉक्टर होते, आणि त्यांच्यासमोर आकडे ठेवलेले होते. न ऐकण्याला शतक लागत नाही. त्या सुईणीनं शेकड्यानं बाळंतपणं केलेली आहेत. समोरची बाई कालपरवा आभाळातून पडलेल्या गावातून आलीय, तिचं कूळ-मूळ माहीत नाही, बोली कानाला विचित्र लागते. सुईणीनं तिचं का ऐकावं? याचं उत्तर सिस्टरला कमवावं लागलं तर तुमची कथा दुप्पट उंचीची होईल. अवघडलेलं मूल हातानं फिरवायचं तिचं कसब सिस्टरला येत नसेल, आता सिझेरियनही उरलं नसेल, तर कोण कोणाकडे शिकेल?

आता पाणवठा. मला वाटतं तुमच्या आणि सरांच्या मध्ये अडकलंय ते हेच, पेनिसिलिन नुसतं तोंडी लावायला आहे. सर म्हणतात ‘रडगाणं’. पण त्या काळात पाणवठ्यावर जात विचारली जाई हे इतिहासाच्या शिक्षकाला मी सांगायची गरज नाही. तुकोबांनी त्याच दुष्काळात आपली बायको अन्न अन्न करीत गेल्याचं स्वतः लिहून ठेवलंय. पीटर मंडी हा इंग्रज १६३० मध्ये सुरतेहून बुऱ्हाणपूरकडे जाताना वाटेवरच्या प्रेतांबद्दल लिहितो. १६३१ मध्ये शाहजहान बादशहाची बेगम मुमताज महल बुऱ्हाणपुरात बाळंतपणात गेली. तो काळ असा होता, आणि सरांना तो तुमच्याहून जास्त ठाऊक आहे. शिवराय जन्मले ते याच काळात. तो काळ गुळगुळीत करून दाखवला तर त्यांनी पुढे जे केलं त्याचं वजन कमी होतं, वाढत नाही.

मग सरांना खुपलं काय? १६३० च्या माणसांनी जात विचारली हे नव्हे, असा माझा अंदाज. आजची माणसं गप्प उभी राहिली, हे. डेपोचा क्लार्क, मेडिकलवाला, सोसायटीचा चेअरमन, ज्यांच्या घरी सिस्टरनं इंजेक्शनं दिली, ते मान खाली घालून आपापल्या घागरी भरतात. भविष्यातून गेलेलं गाव भूतकाळाला सुधारेल, या स्वप्नावर सरांनी कथामाला उभी केली आहे. तुम्ही दाखवलंत की गाव जाताना सगळंच बरोबर घेऊन गेलं. हे कोणालाही बोचेल. निवृत्त शिक्षकाला, ज्याच्या हाताखालून तेच क्लार्क आणि तेच मेडिकलवाले गेले, जरा जास्तच.

म्हणून प्रसंग काढू नका. माझं मत विचारलंत तर तुमच्या कथेचं हाड तेच आहे. पण ‘सर, तुम्हाला वास्तव सोसत नाही’ अशा सुरात जाऊही नका, कारण ते खोटं आहे. घरी जा, ग्रुपवर नको. ग्रुपवर प्रत्येकाला कोणाची तरी बाजू घ्यावीशी वाटते. आणि वाद घालण्याऐवजी अडचण मांडा: ‘सर, हा प्रसंग काढला तर पुढच्या कथेत सिस्टर पाणी कुठून आणते ते मला सांगा.’ नळ कोरडे आहेत, बोअरचा पंप बंद आहे, हापशाला रांग आहे. पाण्याचा प्रश्न सगळ्यांच्याच कथांत येणार. तो कसा सुटतो, कोणाच्या विहिरी उघडतात, गावच्या लोकांना कधी तोंड फुटतं, हे दोन-तीन कथांत मिळून लिहिता येईल. पाणवठ्यावर गप्प बसलेल्या चेअरमनची कथा सरांनीच लिहावी असं मला फार वाटतं. विचारून तर बघा.

सरांना त्यांच्या जोडीचं काम द्या, हेही महत्त्वाचं. तुम्ही सगळे मिळून त्यांना कथा तपासायला लावता. त्यापेक्षा त्यांना मोडी येत असेल, तर गावात आलेलं पहिलं सरकारी पत्र कोण वाचतं? वाईचा मुलूख तेव्हा आदिलशाहीत, म्हणजे सारा मागायला माणूस येणारच, दुष्काळ असो नसो. गावाचा पाटील कोण म्हणून तो विचारणार. नगराध्यक्ष पुढे होतील की तहसीलदार? होन आणि शेर-मणांचा हिशेब कोणाला कळतो? ही कथा गटात सरांखेरीज कोणाला जमणार नाही. ज्याला लिहायला स्वतःचं काही आहे तो दुसऱ्याचं कमी कापतो.

तरीही नाहीच जमलं तर? सिस्टर तुमचीच आहे. आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लिहिणारा हाच पहिला हक्कदार असतो, आणि हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘सगळं गटाचं’ म्हणून अंगठा दाखवला, एवढ्यानं तुमची कथा जात नाही. ‘आजचं गाव जुन्या काळात पडतं’ ही कल्पना कोणाच्याच मालकीची नाही, कायदा मांडणीला संरक्षण देतो, कल्पनेला नाही. मात्र सरांचा पोस्टमास्तर आणि मित्राचा इंजिनिअर तुम्हाला नेता येणार नाहीत. गाव दुसरं करा, पात्रं स्वतःची घ्या, आणि कथा बहुतांश तशीच उभी राहील. मोठा व्यवहार असेल तर वकिलाला दाखवा.

राहणार असाल, आणि मला वाटतं राहावं, तर हेच सगळ्यांनी मिळून एका कागदावर लिहा: कथा ज्याची त्याची, जग सगळ्यांना वापरायला मोकळं, दुसऱ्याचं पात्र मारायचं किंवा त्याचं लग्न लावायचं तर आधी विचारायचं, पुस्तक निघालं तर पैसे कसे वाटायचे. अशा गटात असलेल्या इतर वाचकांनीही हे सगळं गोडीत चाललंय तोवरच करावं, बिनसल्यावर कोणी सही करत नाही. आणि सुरू करणारा उद्या नसला तर काय, हेही त्यात घाला. अवघड वाटेल, पण घाला. फ्लिंट २०२२ च्या जुलैमध्ये गेले आणि ते नियतकालिक लगेचच बंद पडलं. त्या जगातल्या कथांसाठी पुढे इतरांना नव्यानं दुसरं नियतकालिक उभारावं लागलं. सरांना हे तुम्ही सांगण्यापेक्षा त्यांच्याच वयाच्या कोणी सांगितलेलं बरं.

कृतघ्नपणाचं विचारलंत. सरांनी तुम्हाला लिहायला लावलं. तुम्ही लिहिताय. त्यांना न पटणारं लिहिताय, आणि आधी त्यांनाच दाखवताय. यात कृतघ्नपणा कुठला? गुपचूप कथा दुसरीकडे छापून आणलीत आणि त्यांना अंक हातात पडल्यावर कळलं, तर मात्र त्यांना राग यायचा हक्क आहे.

दिवाळी अंकांचं साहित्य जुलै-ऑगस्टात ठरत जातं, तेव्हा सरांकडे त्याआधी जा. आणि जाण्याआधी मित्राला फोन करून एवढंच विचारा, की चौथ्या महिन्यात कारखान्यातून किती ग्रॅम निघालं, आणि ते कोणी मोजलं. त्यांना उत्तर सुचलं की कथेचा दुसरा खर्डा सुरू करा. सुईणीपासून.